पाठमोऱ्याचा हुंकार

१

आवाजवाल्याच्या घरात कुठलीही वस्तू निमूटपणे मोडायची सोय नव्हती. बिजागरी कुरकुरायला लागली की दुसऱ्यांच्या घरात तेल घालतात. याच्या घरात आधी माइक यायचा. फाटका रबरी हातमोजा, दात पडलेला कंगवा, अर्ध्यात अडकणारी बॅगेची चेन, तळाला भोक पडलेली गरम पाण्याची पिशवी असा सगळा ऐवज एका खोक्यात जपून ठेवलेला. "लोकांकडे भंगार असतं," बायको म्हणायची, "आपल्याकडे वाद्यवृंद आहे."

त्याचा धंदाच तसा होता. 'मूठभर' नावाच्या गेमने पोराटोरांना वेड लावलं होतं, आणि पोरांपेक्षा जास्त त्यांच्या आईबापांना. फोन घेऊन हिंडायचं, स्क्रीनवर एखादा चित्रविचित्र प्राणी उगवला की बोटांनी त्याच्यावर मूठ मिटायची, की तो तुमच्या खिशात. असे शेकड्याने प्राणी. प्रत्येकाला नाव, रूप, चाल आणि स्वतःचा एक आवाज. बोट लावलं की प्राणी तो आवाज काढायचा. आणि हे सगळे आवाज मुळात याच्या खोक्यातून निघालेले. 'टिपूर' नावाचं गुबगुबीत पिल्लू जे लाडिक किंचाळायचं, तो ओला हातमोजा होता काचेवर घासलेला. पंख फुटलेला 'डबडू' म्हणजे कंगव्यावरून फिरवलेला चमचा.

दिवसभर असे खोटे आवाज काढून त्याचं पोट भरत नसे. संध्याकाळी घरी आला की तो स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल ओढून बसायचा आणि थापा मारायचा. बायको एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवून, कानामागच्या दांड्या वाकवून ती त्याच्या थोडी आधी घरी यायची आणि ओट्यापाशी उभी असायची, त्याच्याकडे पाठ करून. ओटा भिंतीकडेच तोंड करून बांधलेला, तिला दुसरा इलाज नव्हता.

"आज काय झालं माहितीये? लिफ्टमध्ये आम्ही चौघे शिरलो आणि वर पाच जण उतरलो."

"हं."

"पाचव्याला कोणी ओळखेना. पण तो असा काही ऐटीत निघाला की विचारायची छाती होईना. सरळ गेला, रिकामी खुर्ची धरली, कामाला लागला."

"हं?"

"दुपारपर्यंत साहेबांनी त्याला शाबासकीसुद्धा दिली!"

"हं..."

हा 'हं' म्हणजे काय चीज होती ते त्याच्यासारख्या कान तयार असलेल्या माणसालाच कळावं. पहिला 'हं' म्हणजे, बसा, ऐकतेय. दुसरा म्हणजे, पुढे? आणि तिसरा लांबलेला, शेवटाला किंचित खाली उतरणारा. त्याचा अर्थ, थाप आहे हे मला माहितीये, माझ्या माहीत असण्याची तुम्हालाही कल्पना आहे, चालू द्या. त्या तिसऱ्या 'हं'वर तो जगत होता. तो नसता तर त्याची एकही थाप दुसऱ्या वाक्याच्या पुढे गेली नसती.

२

पाठमोऱ्याचा जन्म घाईतून झाला.

कचेरीतल्या साहेबांना सगळे पाठीमागे 'घाईसाहेब' म्हणत, कारण त्यांच्या तोंडात सकाळी पहिला शब्द तारीख हा असे. प्राण्यांची चित्रं काढणारी चित्रवाली मात्र संथ. तिची एक पद्धत होती. ती प्रत्येक प्राण्याची आधी पाठ काढायची. पाठ, मान, खांदे, पोक, शेपूट असेल तर शेपूट. "पाठ जमली ना दादा, की तोंड आपोआप येतं," ती म्हणायची. "तोंड आधी काढलं की प्राणी फोटोला उभा राहिल्यासारखा दिसतो." आणि खरंच, तिच्या प्राण्यांमध्ये जीव असायचा.

एका खेपेला एका प्राण्याची पाठ झाली आणि तोंड यायच्या आधी तारीख आली. चित्रं जोडणाऱ्या पोरांनी मिळालं ते घेतलं आणि चारी बाजूंना तेच चिकटवून दिलं. झालं! राखाडी, केसाळ, जरा पुढे वाकलेला, मानेवर एक खळगी असलेला प्राणी. बोटाने गोल फिरवा, उलटा करा, वरून बघा, खालून बघा, पाठच. नाव काहीतरी गोंडस ठेवलं होतं, पण पहिल्या दिवसापासून त्याला सगळे पाठमोऱ्या म्हणू लागले.

"आवाजवाले, उद्या हवाय," घाईसाहेब म्हणाले.

"साहेब, त्याला तोंड नाही. तोंड नसलेल्याने आवाज काढायचा कुठून?"

"तो तुमचा प्रश्न. माझा प्रश्न तारखेचा."

त्या कचेरीत एक नियम होता, आणि तो आवाजवाल्यानेच घालून दिलेला: जिवंत गळ्याचा आवाज कधी वापरायचा नाही. कारण विचारलं की तो चेहरा लांब करून सांगायचा, "वस्तू कशा, दिलेलं परत मागत नाहीत." नवी माणसं हसायची, तोही हसायचा. पण नियम पाळायचा.

त्या दिवशी त्याने खोक्यातलं सगळं वापरून पाहिलं. हातमोजा, चेन, गरम पाण्याची पिशवी. प्रत्येक आवाजाला तोंड उघडं लागत होतं. शेवटी कंटाळून तो घरी केलेली जुनी रेकॉर्डिंग्ज चाळत बसला. एकदा बिजागरीसाठी लावलेला माइक स्वयंपाकघरात तसाच चालू राहिला होता. त्यात त्याची कुठलीशी लांबलचक थाप होती, आणि थापेच्या शेवटी, भांड्यांच्या किणकिणाटात, तो तिसरा 'हं'.

तो ताठ बसला. तोंड न उघडता काढता येईल असा माणसाचा हाच तर एक आवाज! त्याने तो कापून घेतला, थोडा जाड केला, थोडा लांबवला आणि पाठमोऱ्याला चिकटवला. स्क्रीनवरच्या त्या राखाडी पाठीवर बोट ठेवलं. पाठ किंचित हलली आणि म्हणाली, "हं..."

त्याच्या मानेवर काटा आला. काम फार उत्तम झालं की त्याला तसं व्हायचंच. त्याने मनावर घेतलं नाही.

३

दरवर्षी कचेरी खेळणाऱ्यांचा कौल घ्यायची: सगळ्यात लाडका प्राणी कोणता, सगळ्यात नावडता कोणता. लाडक्यासाठी दरवर्षी मारामारी व्हायची. नावडत्यासाठी त्या वर्षी स्पर्धाच राहिली नाही.

लोकांनी काय काय लिहिलं! "हा प्राणी नाही, रुसलेली उशी आहे." "आमच्या सासऱ्यांना पेपर वाचताना मागून बघितल्यासारखं वाटतं." "डिझाइन करणाऱ्याला झोप लागली होती का?" कुणी पाठमोऱ्याला पकडताच सोडून द्यायचं, कुणी त्याला खिशाच्या पार तळाशी ढकलायचं. एका बाईंनी मात्र वेगळंच लिहिलं होतं. "आवाज ऐकला की वाटतं, आपण काहीतरी सांगत होतो आणि मध्येच थांबलो."

हे सगळं बायकोला सांगायचं म्हणून तो पायऱ्या दोन-दोन करत चढला. स्टूल ओढलं. ती ओट्यापाशी होती, नळ बारीक चालू होता. त्याने उशी सांगितली, सासरे सांगितले, पदरचे दोन-तीन जास्तीचे सांगितले. मग नेहमीच्या जागी थांबला.

नळाचा आवाज येत राहिला.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय की. कान उघडे आहेत माझे."

"मग हसली नाहीस."

"हसले मनातल्या मनात. पुढे सांगा."

तो पुढे बोलला. पण थाप अशी ठेचकाळत चालायला लागली, जशी पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि जमीन सपाट निघावी. पुन्हा थांबला. 'हं' आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही. बोलत होती ती. भाजी चिरता चिरता विचारत होती, चिडवत होती, रागावतही होती. फक्त मधला तो एक आवाज घरातून उचलून नेल्यासारखा गेला होता.

आणि मग एका संध्याकाळी, तिच्या पाठीकडे बघत तो 'हं'ची वाट पाहत बसलेला असताना, त्याच्या डोक्यात सहज एक विचार आला. हिचं तोंड आपण शेवटचं कधी पाहिलं?

४

आता हा काय विचार झाला! तो स्वतःवरच हसला. एका घरात राहतो, एका टेबलावर जेवतो. वीस-बावीस वर्षांच्या संसारात नवराबायको एकमेकांकडे टक लावून बसतात की काय? ती त्याच्या आधी उठते. तो उठतो तेव्हा दाराकडे निघालेली असते, खांद्याला पर्स, पाठ. संध्याकाळी ओटा. जेवताना ती वाढून मीठ आणायला उठते, पाणी आणायला उठते. झोपताना भिंतीकडे तोंड, तेही पहिल्यापासून, कारण तो घोरतो. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. सगळी कारणं चोख होती. एवढी चोख असायला नको होती, एवढंच.

त्याने ठरवलं, बघू या तर. सुट्टीच्या दिवशी ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तो दुसऱ्या खोलीच्या दाराने वळसा घालून समोर गेला. दोरीवर ओली चादर पसरलेली. चादरीपलीकडे तिची सावली, हात वर केलेली. त्याने चादर बाजूला केली. ती बादलीसाठी वाकून मागे वळली होती.

"काय हो, काय शोधताय?"

"काही नाही. चिमटे."

"चिमटे माझ्याकडे आहेत. वाटेतून व्हा बघू, पाणी गळतंय अंगावर."

आवाज तिचाच, ठसकाही तिचाच. तो गेला आत. थोड्या वेळाने ती आरशासमोर केस विंचरत होती. तो मागून हळूच आरशात डोकावला. केस सगळे पुढे घेतलेले, ओले, जाड, आणि कंगवा वरून खाली, वरून खाली. तो थांबला. कंगवा थांबेना. शेवटी तीच म्हणाली, "असे भुतासारखे मागे उभे राहू नका, मला हसू येतं," आणि खांदे हलले तिचे हसण्याने. त्यालाही हसू आलं. चांगलं होतं सगळं. मग पाय का गार पडले होते?

त्याने फोनमधले फोटो काढून बघितले. सहलीचे, वाढदिवसांचे, समुद्राचे. सगळीकडे तो होता; हात पसरलेला, तोंड वेडंवाकडं केलेला, वाळूत लोळणारा. ती कुठेच नव्हती. वीसेक फोटो पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं, की कशी असेल? फोटो काढणारी तीच तर होती. तिने त्याच्याकडे किती वेळा पाहिलं होतं त्याचा पुरावा हातात होता. त्याच्या पाहण्याचा मात्र एकही नाही.

मग तो डोळे मिटून आठवू लागला. नाक? होतं. कसं? डोळे? भुवयांच्या मध्ये काहीतरी होतं, तीळ की खूण? हातमोजा कोणत्या काचेवर कोणत्या कोनात घासला की टिपूर बोलतो, हे त्याला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. हे येईना.

५

"पाठमोऱ्याला तोंड द्यायचं," घाईसाहेबांनी जाहीर केलं. "लोकांना तोंड हवंय. तारीख..."

"काढलंय मी," चित्रवाली म्हणाली.

तिचा चेहरा उतरलेला होता. तिने मोठा कागद टेबलावर पसरला. सगळे वाकले. कागदावर राखाडी, केसाळ, पुढे वाकलेली पाठ होती. मानेवर खळगी.

"ही जुनी झाली," साहेब म्हणाले. "पुढची बाजू कुठंय?"

"ही पुढचीच आहे साहेब."

"अहो, ही पाठ आहे."

"डोळे काढलेत की इथे. हे बघा." तिने खळगीच्या दोन बाजूंना बोट ठेवलं. केसांवर, नुसत्या केसांवर. "नाक इथे. ओठ जरा मिटलेले ठेवलेत. चांगला जमलाय, खरं तर." तिने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "चेष्टा करताय का सगळे माझी? दिसत नाही तुम्हाला?"

साहेबांनी घड्याळात पाहिलं. कागदावर ती पाठ तशीच होती, आणि चित्रवाली तिच्याकडे असं बघत होती जसं कोणी आपल्याकडे बघत असलेल्याकडे बघतं.

"विश्रांती घ्या दोन दिवस," घाईसाहेब म्हणाले, आणि हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं असावं. "आणि पाठमोऱ्याला काढून टाकू. गेममधून साफ. रूप, चाल, आवाज, सगळं. कोणाला आठवणसुद्धा यायची नाही. आवाजवाले, तुमची फाइल तुम्ही पुसा. आत्ता."

लोक पांगले. चित्रवाली कागदाची गुंडाळी करत त्याच्याजवळ आली.

"दादा, एक विचारू? तो आवाज कसला होता? कुठल्या वस्तूचा?"

"बिजागरीचा," तो म्हणाला. आयुष्यात इतकी वाईट थाप त्याने मारली नव्हती.

ती त्याच्याकडे बघत राहिली. "काढताना सारखा कानात होता माझ्या. मला वाटलं, जो कोणी 'हं' म्हणतोय तो आपल्याकडे वळून बघत का नाही? मग वाटलं, बघत असेल. आपल्याला ते दिसत नसेल." आणि ती गेली.

तो आपल्या खोलीत गेला. खोलीच्या भिंतींना जाड मऊ कापड मारलेलं. दार लावलं की स्वतःचं रक्त ऐकू यावं अशी शांतता. स्क्रीनवर फाइल होती. पुसली तर? तिचा तिला परत मिळेल, की जगातून कायमचाच जाईल? हा हिशेब त्याला सुटेना. पण ठेवून तरी काय मिळालं होतं? एक पाठ घरात, एक पाठ इथे. त्याला फक्त एकदा, नीट उजेडात, आपल्या बायकोचा चेहरा बघायचा होता. बाकी काही नको होतं.

त्याने पुसली. विचारतात तसं त्या यंत्राने पुन्हा विचारलं, नक्की? तो म्हणाला, नक्की. तोंडाने म्हणाला, एकट्या खोलीत.

मग बॅग न घेता तसाच घरी निघाला.

६

भर दुपार होती. तिची अर्धी सुट्टी असायची त्या दिवशी. जिन्यात कोणी नव्हतं. दार लोटलेलं होतं. त्याने ते हळूच ढकललं आणि बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं तोच आतून ऐकू आलं:

"हं."

त्याचे डोळे भरून आले. आला! परत आला! तो तसाच भिंतीला टेकून उभा राहिला, एखाद्या मुलासारखा कान देऊन. आतून बायकोचा आवाज येत होता. ती बोलत होती, सावकाश, मजेत, भांडी विसळता विसळता.

"...तर तो गृहस्थ पुन्हा आला आज. चष्मा ढिला झालाय म्हणे. मी बघितलं, काही ढिला नाही."

"हं?"

"मागच्या आठवड्यात पण आला होता. तेव्हाही नव्हता ढिला."

"हं..."

भिंतीला टेकलेली त्याची पाठ एकदम गार झाली. बोलणारी बायको होती. मग 'हं' कोण म्हणत होतं?

कोणीतरी आत आहे. शेजारीण असेल. पण तो कान तयार असलेला माणूस होता, आणि कान सांगत होते की हा तोच आवाज आहे, जरा जाड केलेला, जरा लांबवलेला, त्याने स्वतःच्या हाताने केला तसा. फक्त त्याने एकच 'हं' कापला होता. हे तिन्ही होते. बसा, ऐकतेय. पुढे? आणि तो तिसरा. जिथे यायला हवा तिथे, निमिषभर इकडे नाही की तिकडे नाही.

तो दारापर्यंत गेला. स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. ती ओट्यापाशी, त्याच्याकडे पाठ करून. दोन्ही हात फेसात. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला. स्क्रीनवर 'मूठभर'चा खिसा उघडा होता, आणि खिसा रिकामा होता.

स्वयंपाकघरात दुसरं कोणी नव्हतं.

"आलात?" ती न वळता म्हणाली. "आज लवकर."

"हो." तो फोनकडे बघत म्हणाला, "तू... तू खेळतेस हे?"

"खेळते म्हणजे काय, एकच ठेवला होता. तुमचा तो पाठमोऱ्या. सगळी दुनिया त्याच्या नावाने बोटं मोडायची, मला आवडायचा." ताट विसळून तिने पालथं घातलं. "ऐकायचा तरी. दुपारी घरी असले की त्याला सांगत बसायचे दुकानातलं. बोट लावलं की 'हं' म्हणायचा. तेवढ्यानेही बरं वाटायचं. तुम्ही हसाल म्हणून बोलले नाही."

"आवाज ओळखलास?"

"घ्या! स्वतःचा आवाज न ओळखायला काय झालं?"

"मग विचारलं नाहीस कधी?"

"काय विचारायचं? घेतलात ना, म्हटलं असू दे. तुम्हाला लागला असेल." तिने एक वाटी घासायला घेतली. "मी पुन्हा म्हणून बघितला, आला नाही. ठसका लागल्यासारखं व्हायचं नुसतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. रागाचा त्याला केवढा आधार वाटला असता.

"आज बोलता बोलता गेला बघा तो," ती म्हणाली. "इथेच होता स्क्रीनवर आणि फुंकर मारल्यासारखा गेला. खिसा रिकामा. काढलात का तुम्ही त्याला?"

"काढला. आज."

"मला वाटलंच. म्हटलं, संपलं. आता सांगायचं कुणाला? वाईट वाटलं जरा. तेवढ्यात मागून तुमचा 'हं' आला."

"माझा?"

"मग कुणाचा? केव्हाचे दारात उभे आहात आणि हं हं करताय. बरं वाटलं हो ऐकून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा." तिने पुढचं भांडं घेतलं. "बसा ना. पुरतं सांगू द्या मला."

मी काही बोललोच नव्हतो, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. उघडलं असं त्याला वाटलं.

"हं," तो म्हणाला.

७

तो स्टुलावर बसला. तिने सांगितलं म्हणून. ती पुढे सांगू लागली.

चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या त्या गृहस्थांची गोष्ट होती. म्हातारे, एकटे, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. दर आठवड्याला चष्मा ढिला झाला म्हणून येतात. ती दांड्या काढते, पुन्हा बसवते, दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरून चष्मा सरळ आहे का ते बघते. एवढ्यासाठी येतात ते. कोणीतरी दोन्ही हातांनी डोकं धरावं, समोरून नीट बघावं, म्हणावं, सरळ आहे. आज तिने मुद्दाम जास्त वेळ लावला. दांडी उगाचच वाकवली, पुन्हा सरळ केली. दुकानाचा मालक कुरकुरला. तिने सांगितलं, "नाजूक काम आहे, घाई चालत नाही."

तो ऐकत होता. खरोखर ऐकत होता, कुठला शब्द कापून घ्यावा हा विचार डोक्यात न येता. आणि 'हं' येत होते, आपोआप, छातीतून, ओठांना न हलवता. तिने गृहस्थांची नक्कल केली तेव्हा एक. मालकावर तोंडसुख घेतलं तेव्हा एक. भीती अजून होती, गार पाण्यासारखी घोट्याशी. पण त्या भीतीवर दुसरं काहीतरी चढत होतं. एवढी रंगवून सांगते ही! थापांचा राजा म्हणून मिरवणाऱ्या माणसाच्या घरात, त्याच्या नाकासमोर, एवढी गोष्टीवेल्हाळ बाई भांडी घासत होती.

"...जाताना काय म्हणाले माहितीये? म्हणाले, पुढच्या आठवड्यात पुन्हा ढिला होईल. मी म्हटलं, होऊ द्या."

"हं..." तो म्हणाला. तिसरा.

ती हसली. नळ बंद केला. फडक्याला हात पुसले, एकेक बोट, सावकाश. आणि वळली.

खिडकीतलं ऊन सरळ तिच्या चेहऱ्यावर पडलं होतं. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याच्या बारीक खुणा. भुवयांच्या मध्ये तीळ नव्हता, व्रण होता, लहानपणीचा, झोक्यावरून पडलेली त्याचा. तिने सांगितलं होतं कधीतरी. कानशिलावर पांढरे केस, त्याला ठाऊक नसलेले. डोळ्यांखाली सावली. ओठांचा डावा कोपरा उजव्याच्या आधी हसणारा. हाच. हाच तो चेहरा. इतका कसा विसरलो? त्याच्या छातीवरचा धोंडा असा उतरला की त्याला वाटलं आपण स्टुलावरून पडू. तो तिच्याकडे बघत राहिला, डोळे भरून, तोंड वर करून, सरळ तिच्या डोळ्यांत.

ती वाट बघत होती. थोडा वेळ तशीच उभी राहिली, हातात फडकं. मग ओठांचा तो डावा कोपरा जरासा खाली आला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आता तरी वळा ना इकडे. किती दिवस झाले तुमचं तोंड बघून."

त्याला ओरडायचं होतं. अगं, तुझ्याकडेच तर बघतोय. छातीतून जे आलं ते बंद ओठांमागे गोल फिरलं आणि बाहेर पडलं तेव्हा एवढंच होतं: "हं."

"बरं, राहू द्या. दमला असाल."

ती जवळ आली. ओला, साबणाचा वास असलेला तिचा हात त्याच्या कपाळावर आला, तिथून त्याने मिटून घेतलेल्या डोळ्यांवर, नाकावर, ओठांवर उतरला. आणि पाठ थोपटतात तसं, मायेने, सावकाश, ती त्याचा चेहरा थोपटत राहिली.